संकेतार्थातील भूतकाळी रूप : पोलिश, इंग्रजी आणि खानदेश

‘पाऊस पडला तर कपाशी लावू’ हे वाक्य जळगाव-धुळे परिसरात मृगाच्या तोंडावर सहज कानी पडते. त्यातील ‘पडला’ हे रूप भूतकाळाचे. पाऊस मात्र अद्याप पडावयाचा आहे. मराठी भाषकास यात विसंगती जाणवत नाही. अडचण उद्भवते ती हे वाक्य इंग्रजीत नेताना. विद्यार्थी ‘इफ इट रेन्ड टुमारो, वुई विल सो कॉटन’ असे लिहितो आणि ते काळाची ढोबळ चूक म्हणून खोडले जाते. प्रत्यक्षात त्याने मराठीचा नियम काटेकोरपणे पाळलेला असतो.

इंग्रजीत ‘इफ’ या एकाच अव्ययाखाली शक्य व कल्पित असे दोन्ही संकेत येतात. भेद क्रियापद दाखविते. पोलिशमध्ये तो भेद अव्ययापासूनच सुरू होतो आणि इंग्रजी भाषक पोलिश शिकताना नेमका तेथेच अडखळतो. खुल्या संकेतास ‘येश्ली’ व भावी घटना असल्यास पुढे भविष्यकाळ : ‘येश्ली बेंज्ये पादाच’ (पाऊस पडला तर). कल्पित संकेतास ‘ग्दिबी’ व पुढे भूतकाळी रूप : ‘ग्दिबी पादावो’. हेच रूप काल हुकलेल्या पावसालाही चालते. शिवाय ‘ग्दिबी’ला पुरुषवाचक प्रत्यय लागतात : ‘मी’साठी ‘ग्दिबिम’, ‘तू’साठी ‘ग्दिबिश’. अव्ययानेच पुरुष सांगावा, ही कल्पना इंग्रजी भाषकास सर्वस्वी नवी होय.

तथापि एका बाबतीत या दोन्ही भाषा सारख्या आहेत. भावी घटनेच्या संकेतात भूतकाळी रूप आले, की घटना अशक्यतेकडे झुकते. मराठीत तसे नाही. ‘पडला तर’ हा संकेत पूर्णपणे खुला राहतो. घटना हुकल्याचे दाखविण्यास ‘असता’ लागतो : ‘पाऊस पडला असता तर कपाशी लावली असती’. ‘जर’ गाळला तरी चालतो, ‘तर’ सहसा गाळता येत नाही. इंग्रजीत याच्या नेमके उलट.

ग्रिअर्सनसंपादित भाषा-पाहणीच्या १९०७ च्या खंडात खानदेशीचा समावेश भिल्ली भाषांबरोबर केला गेला. पण या रचनेपुरती अहिराणी मराठीच्या बाजूने उभी राहते. ‘पानी पडना तं’ म्हणजे ‘पाऊस पडला तर’. (बाहेरून आलेल्या अध्यापकास येथे ‘पडेना’चा भास होऊन अर्थ उलटा लागण्याचा संभव आहे.) म्हणजे धुळ्याकडील विद्यार्थ्याची घरची बोली आणि शाळेची मराठी या दोन्ही त्याला ‘रेन्ड’कडेच नेतात. अशा वर्गात काळांच्या कोष्टकापूर्वी ‘पडला तर’ आणि ‘पडला असता तर’ ही जोडी फळ्यावर लिहावी, आणि पहिल्यासमोर ‘रेन्स’, दुसऱ्यासमोर ‘हॅड रेन्ड’ मांडावे.