काळ्या-पांढऱ्या चित्राचा धडा

भिंतीएवढा पांढरा फलक, त्यावर काळ्या रंगाचे दोन-चार पट्टे आणि बाकी सारे मोकळे, अशी चित्रे मोठ्या कार्यालयांच्या दर्शनी दालनांत पुष्कळदा आढळतात. संग्राहक त्यांस मोठे मोल देतात, परंतु सामान्य प्रेक्षक म्हणतो, "ह्यात काय आहे? हे तर आमचा मुलगाही काढील!" हा आक्षेप कितपत रास्त आहे, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करू.

ज्या चित्रात मनुष्य, वृक्ष, घर अशा ओळखीच्या वस्तूंचे रूप नसून केवळ रेषा, आकार, रंग व मोकळी जागा ह्यांचीच मांडणी असते, ते अमूर्त चित्र होय. १९१५ साली काझिमिर मालेविच ह्या चित्रकाराने पांढऱ्या पार्श्वभूमीवर एकच काळा चौकोन रंगविला आणि रशियन घरांत ज्या उंच कोपऱ्यात पवित्र तसबीर लावीत, तशाच कोपऱ्यात तो प्रदर्शनात टांगला. आमच्या लोकांस ही कल्पना अगदीच परकी वाटण्याचे कारण नाही. सारवलेल्या अंगणातील ठिपक्यांची पांढरी रांगोळी पाहून "हे कशाचे चित्र?" असे कोणी विचारीत नाही. ठिपक्यांतील सारखे अंतर व रेषेचे वळण पाहूनच मन प्रसन्न होते.

आता आपल्याकडील दोन चित्रकारांचे उदाहरण घेऊ. वासुदेव गायतोंडे ह्यांचा जन्म १९२४ साली नागपुरास झाला. १९४८ साली मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेची पदविका मिळवून ते पुढे अमूर्त चित्रकलेकडे वळले. रोलरने व सुरीने रंगाचे थर चढवावे, काही खरवडून काढावे, असे त्यांचे काम संथपणे चाले. वर्षाकाठी मोजकीच चित्रे पुरी होत. १९८४ साली अपघात होऊन मोठ्या फलकावर काम करणे त्यांस काही वर्षे अशक्य झाले. तेव्हा त्यांनी लहान कागदावर काळ्या शाईने रेखाटने केली. लिपीसारख्या भासणाऱ्या त्या खुणा कोणत्याही भाषेत वाचता येत नाहीत. तथापि त्यांच्याभोवतीची पांढरी जागाही त्या खुणांइतकीच बोलकी आहे.

नसरीन मोहमदी ह्यांचा जन्म १९३७ सालचा. त्या १९७२ पासून बडोद्याच्या विद्यापीठात कला शिकवीत. शिसपेन्सिल, शाई व नकाशे काढण्याची साधने घेऊन त्या कागदावर अत्यंत सूक्ष्म रेषा ओढीत. मज्जासंस्थेच्या आजाराने शरीरावरील ताबा हळूहळू सुटत चालला असताही त्यांच्या रेषांचा नेमकेपणा ढळला नाही. १९९० साली अलिबागेजवळील किहीम येथे त्यांचे देहावसान झाले.

"मुलगाही काढील" ह्या आक्षेपाची परीक्षा आमच्या विद्यार्थ्यांनी स्वतःच करावी. कोऱ्या कागदावर पट्टीने वीस रेषा ओढाव्या; प्रत्येक दोन रेषांमधील अंतर आधीच्यापेक्षा किंचित कमी असावे आणि शाई कोठेही जाड-बारीक होऊ नये. चार-पाच रेषांतच लक्षात येईल की, जेथे थोडेच आहे तेथे चूक लपविण्यास जागा नसते.

किमतीविषयी पालकांस दोन शब्द. २०१३ साली मुंबईच्या एका लिलावात गायतोंडे ह्यांचे १९७९ सालचे चित्र तेवीस कोटींहून अधिक रुपयांस विकले गेले. परंतु लिलावातील आकडा धनिकांच्या चढाओढीने ठरतो. चित्राचा गुण त्यावरून मापता येत नाही. कापसाचे व्यापारी जहांगीर निकोल्सन ह्यांनी जमविलेला चित्रसंग्रह आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे व त्यात गायतोंडे ह्यांचीही चित्रे आहेत. एकाने विकत घेतलेले धन असे सर्वांच्या डोळ्यांसाठी खुले झाले, ह्यातच संग्रहाचे सार्थक आहे.

आमच्या रबाळे स्थानकातून ठाण्यास अथवा वाशीस गाडी बदलून मुंबईस जाणे कठीण नाही. तेथे अमूर्त चित्रासमोर उभे राहिल्यावर "हे काय आहे?" हा प्रश्न क्षणभर बाजूस ठेवावा. प्रथम दुरून पाहावे, मग जवळून. काळे कोठे संपते, पांढरे कोठे सुरू होते, नजर कोठे थबकते, ते न्याहाळावे. पाच मिनिटे मुकाट्याने पाहण्याची सवय ज्यास लागली, त्यास चित्रच काय, पुस्तक आणि मनुष्यही अधिक चांगले वाचता येईल.