तिसऱ्यांदा नीट देण्याआधी एमआरआयचं काम बघून या

नीटचा निकाल लागला की दरवर्षी तोच प्रश्न येतो. "मार्क थोडक्यात हुकले, आणखी एक ड्रॉप घेऊ द्यावा का?" विचारतात वडील, मुलगी शेजारी गप्प बसलेली असते. दुसऱ्या ड्रॉपला माझं उत्तर 'नाही' असंच आहे. २०२४ मध्ये या परीक्षेला २३ लाखांहून अधिक मुलं बसली. तेव्हा देशात एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्याच वर होत्या. नातेवाइकांना काय सांगायचं, ही चिंता तुमची आहे. तिची किंमत मुलीने विशीतल्या वर्षांनी का मोजावी?

एमबीबीएसऐवजी बीएएमएस, नर्सिंग, फिजिओथेरपी हे पर्याय तुम्हाला ठाऊक आहेत. मला बोलायचंय ते एमआरआय टेक्नॉलॉजिस्टच्या कामाबद्दल.

समजा, एखाद्याला हार्ट अटॅक येऊन गेलाय. इकोमध्ये हृदयाचा एक भाग नीट हलताना दिसत नाही. तो कायमचा मेलाय की रक्त कमी पडल्याने निपचित झालाय? कार्डियाक एमआरआय इथे कामाला येतो. शिरेतून गॅडोलिनियम देऊन साधारण दहा मिनिटं थांबतात. निरोगी स्नायूतून ते निघून जातं, व्रणात रेंगाळतं. म्हणून प्रतिमेत निरोगी स्नायू काळा आणि व्रण पांढरा दिसतो. व्रण हृदयाच्या भिंतीच्या निम्म्या जाडीपेक्षा कमी असेल, तर अँजिओप्लास्टी किंवा बायपासनंतर तो भाग सुधारण्याची आशा बरी असते. जास्त असेल तर फार थोडी.

रिपोर्ट डॉक्टर देतात, पण प्रतिमा काढणारा माणूस कच्चा असेल तर ते तरी काय वाचणार? छातीवर ईसीजीचे इलेक्ट्रोड लावून ठोक्यांशी मेळ घालायचा, घाबरलेल्या पेशंटकडून पुन्हा पुन्हा श्वास रोखून घ्यायचा, निरोगी स्नायू नेमका काळा दिसेल अशी वेळ साधायची. त्याआधी पेसमेकर आहे का, किडनी कशी आहे, हे विचारायचं. मशीनचं चुंबक सतत चालूच असतं आणि लोखंडी वस्तू जोरात खेचून घेतं. २०१८ मध्ये मुंबईतल्या एका रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर एमआरआयच्या खोलीत नेला गेला आणि एका तरुणाचा जीव गेला. इतक्या जबाबदारीच्या कामाला 'नुसता टेक्निशियन' म्हणणं आधी थांबवा.

फिजिक्सचा कंटाळा असलेल्या मुलाला इकडे ढकलू नका. लहान सेंटरमध्ये सुरुवातीचा पगार बेताचाच असतो आणि रात्रपाळ्या चुकत नाहीत, हेही घरात आधीच बोला.

सहा महिन्यांत सर्टिफिकेट देणाऱ्या जाहिरातींना तर अजिबात भुलू नका. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी किंवा दुसऱ्या मान्यताप्राप्त विद्यापीठाशी संलग्न कॉलेजातली पदवी बघा. २०२१ च्या कायद्याने या व्यवसायासाठी राष्ट्रीय आयोग आलाय, नियम बदलताहेत. म्हणून प्रवेशाची माहितीपुस्तिका यंदाचीच वाचा. फी भरण्याआधी कॉलेजला विचारा : तुमच्या रुग्णालयात स्वतःचं एमआरआय मशीन आहे का? त्यावर हृदयाचे स्कॅन होतात का? इंटर्नशिपमध्ये विद्यार्थ्याला कन्सोलवर बसू देता का? उत्तरं लेखी मागा, आणि टाळाटाळ झाली तर दुसरं कॉलेज शोधा.