संगीत नाटकातील वधू

पाठप्रवेश

मुलीच्या विवाहाचा निर्णय कोणी घ्यावा? विवाहानंतर पत्नीने किती सोसावे? तिच्या कर्तृत्वाला घरात स्थान असावे का? हे प्रश्न आजही घराघरांत विचारले जातात. मराठी संगीत नाटकाने ते एकोणिसाव्या शतकापासून रंगभूमीवर मांडले. चार नाटकांच्या आधारे हा प्रवास प्रस्तुत पाठात पाहावयाचा आहे.

मूळ पाठ

अण्णासाहेब किर्लोस्कर यांचे ‘संगीत सौभद्र’ १८८२ साली रंगभूमीवर आले. सुभद्रेचे मन अर्जुनावर जडलेले आहे. परंतु तिचा थोरला भाऊ बलराम याने दुर्योधनाची निवड केली आहे. कथा महाभारतातील असली, तरी प्रेक्षकांना तीत आपल्याच घरातील प्रसंग दिसला. वडीलधाऱ्यांपुढे बोलू न शकणारी सुभद्रा आपली व्यथा पदांतून व्यक्त करते. संवादात जे मनात राहते ते गाण्यातून बाहेर येते, हे संगीत नाटकाचे मोठे सामर्थ्य होय. मात्र सुभद्रेची सुटका होते ती कृष्णाच्या युक्तीमुळे. निर्णय अखेर भावांच्याच हाती राहतो.

१८९९ साली गोविंद बल्लाळ देवल यांचे ‘संगीत शारदा’ आले. येथे पुराणकथा नाही. कांचनभट हा लोभी पिता पैशासाठी आपली अल्पवयीन कन्या भुजंगनाथ या श्रीमंत वृद्धास देण्यास तयार होतो. शारदेची पदे ऐकताना हसणारा प्रेक्षक अंतर्मुख होई. भद्रेश्वर दीक्षितासारख्या मध्यस्थाची देवलांनी खिल्ली उडविली. शारदेचे दुःख मात्र त्यांनी गंभीरपणे मांडले.

या नाटकातील एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. वधूवरांचे गोत्र एकच असल्याचे उघड झाल्याने हा विवाह मोडतो. शारदेच्या नकारामुळे नव्हे! प्राण देण्यास निघालेल्या शारदेला कोदंड वाचवितो आणि पुढे त्यांचा विवाह होतो. मुलीची अनिच्छा हे विवाह थांबविण्यास पुरेसे कारण आहे, असे मानणारा समाज तेव्हा घडावयाचा होता. १९२९ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने वधूचे किमान वय १४ वर्षे ठरविले. तो ‘सारडा कायदा’ म्हणून ओळखला जातो; परंतु हे नाव हरविलास सारडा यांच्यावरून पडले आहे, नाटकावरून नव्हे.

राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ १९१९ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, रंगभूमीवर आले. येथे प्रश्न विवाहानंतरचा आहे. सुधाकर दारूच्या आहारी जातो. सिंधू माहेरचा आधार नाकारते आणि दळण दळून संसार चालविते. तिची निष्ठा प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाणी आणी. पण त्याच नाटकात गडकऱ्यांनी गीता ही स्पष्टवक्ती स्त्री उभी केली. दारुड्या तळीरामाची ही पत्नी अन्याय मुकाट्याने सोसत नाही. सहनशीलतेचे मोल कोणी द्यावे, हा प्रश्न या दोघींमुळे उभा राहतो.

त्या काळी प्रमुख नाटक मंडळ्यांत स्त्रीभूमिका पुरुषच करीत. शारदा आणि सिंधू या दोन्ही भूमिका बालगंधर्वांनी गाजविल्या. स्त्रीचे मन रंगभूमीवर गात होते. परंतु आवाज पुरुषाचा होता. १९४२ साली मो. ग. रांगणेकर यांचे ‘कुलवधू’ आले, तेव्हा चित्र पालटलेले दिसते. नायिका भानुमती स्वतः कलावंत आहे आणि तिच्या यशाने पतीचा अभिमान दुखावतो. ही भूमिका ज्योत्स्ना भोळे यांनी केली. कलावंत स्त्रीचा प्रश्न येथे कलावंत स्त्रीनेच गायिला.

सुभद्रेला वर निवडावयाचा होता, शारदेला वाचावयाचे होते, सिंधूला घर सावरावयाचे होते आणि भानुमतीला स्वतःचे कर्तृत्व जपावयाचे होते. नाटकांनी उत्तरे दिली ती आपापल्या काळापुरती. प्रश्न मात्र प्रेक्षक घरी घेऊन गेले.

शब्दार्थ

अंतर्मुख होणे – स्वतःच्या मनात डोकावून विचार करणे
खिल्ली उडविणे – थट्टा करणे

पाठगत प्रश्न

१. शारदेचा भुजंगनाथाशी ठरलेला विवाह कोणत्या कारणाने मोडला?
२. सिंधू आणि गीता यांच्या स्वभावांतील फरक स्पष्ट करा.
३. तुमच्या परिसरात विवाह ठरविताना मुलीचे मत कसे विचारले जाते? पाच-सहा वाक्यांत लिहा.