बायोसला हात लावण्याआधी

मावसभावाने जुन्या बी४५० मदरबोर्डवर नवा रायझन ५ ५६०० बसवून घेतला. पंखे फिरले, दिवे लागले, पण स्क्रीन काळी ती काळीच. दुकानदाराने ‘बोर्ड गेला’ म्हणून नव्याचा भाव सांगितला. बोर्ड ठणठणीत होता. बी४५० आले २०१८ मध्ये, हा प्रोसेसर २०२२चा. आतल्या बायोसची या पाहुण्याशी ओळखच नव्हती. माझ्याकडचा जुना रायझन तात्पुरता लावून बायोस अपडेट केलं, नवा परत बसवला, आणि मशीन सुरू झालं. काही बोर्डांवर प्रोसेसरशिवाय पेनड्राइव्हवरून अपडेट करायचं बटण असतं, तेव्हा ही उसनवारीही लागत नाही.

बायोस म्हणजे मदरबोर्डवरच्या छोट्या फ्लॅश चिपमधला प्रोग्राम. विंडोजच्या आधी तो जागा होतो, प्रोसेसर, रॅम, डिस्क तपासतो आणि मग कारभार सोपवतो. अपडेट करताना हीच चिप पुसून पुन्हा लिहिली जाते. मध्येच वीज गेली की मशीन सुरू करणारा हा प्रोग्रामच अर्धवट राहतो. आमच्याकडे गुरुवार हा वीज जाण्याचा वार, त्या दिवशी मी या कामाला बसत नाही; इतर दिवशीही यूपीएस लागतोच.

म्हणून माझा नियम साधा: कारण असल्याशिवाय अपडेट नको. नवा प्रोसेसर, सुरक्षेतली त्रुटी, किंवा कंपनीने मान्य केलेला दोष, ही कारणं खरी. इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांमधल्या अस्थिरतेवर २०२४ मध्ये सुधारित मायक्रोकोड आला तो बायोसमधूनच. तिथे टाळाटाळ चुकीची. पण घड्याळ सारखं मागे जातंय म्हणून बायोस अपडेट करणारेही मी पाहिलेत. त्यांना हवा असतो सीआर२०३२ हा बटणासारखा सेल.

वहिनींच्या लॅपटॉपवर विंडोज अपडेटसोबत बायोसही आलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसचा अहवाल द्यायचा, आणि निळ्या स्क्रीनवर ४८ अंकी रिकव्हरी कीची मागणी. डिस्कला कुलूप लावणारं बिटलॉकर चालू आहे हेच घरात कुणाला ठाऊक नव्हतं. ती की वहिनींच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात नव्हती, दादाच्याही नव्हती. रात्री उशिरा ती पुतण्याच्या खात्यात सापडली, कारण लॅपटॉप पहिल्यांदा त्याने सुरू केला होता. आधी की कागदावर लिहून घ्या, अपडेटपुरतं बिटलॉकर स्थगित ठेवा.

आता प्रत्यक्ष काम. विंडोजच्या शोधपट्टीत एमएसइन्फो३२ टाइप केलं की बोर्डाचं नाव आणि बायोसची आवृत्ती दिसते. बोर्डावर रिव्हिजन छापलेलं असेल तर तेही पाहा. नाव एक असूनही रिव्हिजन वेगळं, तर फाइलही वेगळी असू शकते. फाइल फक्त कंपनीच्याच साइटवरून घ्या. सोबतची टीप वाचाच: चिपमध्ये जागा पुरत नाही म्हणून काही बोर्डांच्या नव्या बायोसमधून जुन्या प्रोसेसरांची नावं वगळली गेली आहेत. पेनड्राइव्ह एफएटी३२ फॉरमॅटचा घ्या. विंडोजमधून अपडेट करणारी अॅप्स मला पटत नाहीत, बायोसमधलंच साधन वापरा. सध्याच्या सेटिंगचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. अपडेटनंतर बहुतेक सगळं कंपनीच्या मूळ सेटिंगवर जातं, रॅमचा वेगही.

पहिल्यांदा सुरू होताना स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते, मशीन एक-दोनदा आपोआप बंद-चालूही होतं. रॅमची नव्याने जुळणी चाललेली असते. स्विचला हात लावू नका, चहा टाका.