घरगुती बिनतारी राऊटर : ग्राहकांचे अनुभव व घ्यावयाची दक्षता

सातबाराचा उतारा, अनुदानाचा अर्ज, पीक विमा, बाजारभावाची चौकशी इत्यादी कामे मोबाईलवर किंवा संगणकावर होऊ लागल्यापासून खेड्यांतील पुष्कळ घरांत फायबरची जोडणी आली आहे. या जोडणीच्या टोकाला जी लहानशी पेटी बसविलेली असते तिला राऊटर म्हणतात. फायबरमधून प्रकाशाच्या रूपाने आलेला संदेश ही पेटी बिनतारी लहरींच्या रूपाने घरभर पसरविते व मोबाईल त्या लहरी पकडतो. काही ठिकाणी फायबरची पेटी व राऊटर अशा दोन निरनिराळ्या पेट्या असतात. बहुतेक नव्या जोडण्यांत दोन्ही कामे एकच पेटी करते.

पेटी घरात आली, तथापि तिच्याविषयीची माहिती तिच्याबरोबर आली नाही. परिणामी काही बिघडले की ग्राहक एकच वाक्य बोलतो : "नेट चालत नाही." शेतकऱ्याने "पीक वाळते आहे" एवढेच सांगितले तर ती मर आहे, पाण्याचा ताण आहे की मुळाशी हुमणी लागली आहे हे जसे कळत नाही, तसेच या वाक्याचे आहे.

सोयाबीन पिकविणाऱ्या एका कुटुंबाचा अनुभव येथे देण्यासारखा आहे. खरीप पीक विम्याची मुदत संपण्यास तीन दिवस उरले असता त्यांच्या घरातील नेट बंद पडले. पेटीवर तांबडा दिवा लागला होता, परंतु त्याचा अर्थ कोणालाच ठाऊक नव्हता. घरातील तरुण मुलाने पेटीच्या मागील बारीक छिद्रात टाचणी घालून आतील बटण बराच वेळ दाबून धरले. असे केल्याने पेटी "नव्यासारखी" होते, असे त्याने ऐकले होते. ती खरोखरच नव्यासारखी झाली. म्हणजे जोडणी देताना कंपनीच्या माणसाने तिच्यात भरलेली सर्व माहिती पुसली गेली. मूळ दोष वेगळाच होता. आढ्याजवळ उंदराने फायबरची वायर कुरतडली होती. दुसऱ्या दिवशी कारागीर आला व त्याने वायर जोडून दिली, तांबडा दिवा विझला, पण नेट सुरू झाले नाही. पेटीत पुन्हा भरावयाचे ग्राहकनाव व परवलीचा शब्द त्याच्याजवळ नव्हता. शेवटच्या दिवशी वडील तालुक्याच्या सेवा केंद्रात गेले. तेथे रांग मोठी होती आणि गर्दीमुळे संकेतस्थळही अडखळत होते. अर्ज मुदतीत गेला नाही व त्या वर्षी त्यांचे सोयाबीन विम्याविना राहिले.

या घरात एका दोषाचे दोन दोष झाले, ते केवळ दोष कोठे आहे हे न पाहता इलाज केल्यामुळे. कालव्याच्या शेपटाला पाणी येईनासे झाले म्हणजे जाणता शेतकरी प्रथम पाट उकरीत बसत नाही. तो वर चालत जातो व कालव्यात पाणी आहे की नाही, दार उघडे आहे की नाही, चारी कोठे फुटली आहे काय, हे क्रमाने पाहतो. राऊटरच्या बाबतीतही हेच तीन टप्पे आहेत : कंपनीपासून घरापर्यंतची वायर, ती पेटी, आणि पेटीपासून मोबाईलपर्यंतची हवा. तिन्हींचे उपाय भिन्न असून एकाचा उपाय दुसऱ्यास लागू पडत नाही.

दिव्यांची भाषा

पेटीवरील दिव्यांजवळ इंग्रजी अक्षरे असतात. कंपनीपरत्वे त्यांत थोडा फरक पडतो, परंतु फायबरच्या पेटीवर "पीओएन" आणि "एलओएस" हे दोन दिवे बहुधा असतातच. पहिला हिरवा व स्थिर असला म्हणजे कंपनीच्या यंत्राशी संबंध जुळलेला आहे. दुसरा विझलेला असणे हे चांगले लक्षण होय. तो तांबडा लागला किंवा लुकलुकू लागला तर वायरीतून येणारा प्रकाश पेटीपर्यंत पोहोचत नाही असे समजावे. अशा वेळी पेटी बंद-चालू करून काही साधत नाही.

ग्राहकाने एवढेच पाहावे की वायर कोठे मुडपली, दाराच्या फटीत चेपली किंवा खिळ्याने दाबली गेली आहे काय. फायबरच्या आत काचेचा केसासारखा तंतू असतो. त्याला तीव्र वाकण दिल्यास प्रकाश बाहेर सांडतो. सबब उरलेली वायर गुंडाळताना बांगडीपेक्षा लहान वेटोळे करू नये. सुटलेल्या टोकाकडे डोळा लावून "उजेड येतो का" हे पाहण्याचा मोह पुष्कळांना होतो. तो कटाक्षाने टाळावा. त्यातील प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, परंतु अपाय करू शकतो.

दिवे सर्व ठीक आहेत, तरीही नेट नाही, अशा वेळी प्रथम भरणा केलेल्या योजनेची मुदत संपली नाही ना, हे पाहावे. हे कारण इतके साधे आहे की ते कोणी विचारीत नाही. त्यानंतर पेटीचे बटण बंद करून अर्धा मिनिट थांबावे, पुन्हा चालू करावे व चारपाच मिनिटे वाट पाहावी. पेटी बंद-चालू करणे आणि टाचणीचे बटण दाबणे या दोन निराळ्या क्रिया आहेत. पहिलीने काही पुसले जात नाही. दुसरी क्रिया कंपनीच्या माणसाने सांगितल्याखेरीज कोणीही करू नये.

पेटीजवळ उभे राहून परीक्षा

"पन्नासचे पैसे भरतो आणि पाचसुद्धा मिळत नाही," ही तक्रार अनेक गावांत ऐकू येते. येथे दोन गोष्टींची उकल करणे जरूर आहे. योजनेतील आकडा मेगाबिटमध्ये असतो आणि चित्रफीत किंवा कागद उतरवून घेताना मोबाईल पुष्कळदा मेगाबाइट दाखवितो. आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणून 40 मेगाबिटांची जोडणी पूर्ण वेगाने चालली तरी सेकंदास 5 मेगाबाइटच उतरतील. शेर आणि मण यांत गोंधळ करून व्यापाऱ्याशी भांडण्यासारखेच हे होय. केंद्र शासनाने 2023 साली ब्रॉडबँडची व्याख्या बदलून किमान वेग सेकंदास 2 मेगाबिट असा ठरविला. त्यापूर्वी तो 512 किलोबिट होता. अर्ज भरणे, उतारा काढणे यांसाठी मोठ्या आकड्याची योजना घ्यावीच लागते असे नाही.

दुसरी गोष्ट वेग मोजण्याची. मोबाईलमधील स्वतःचा डेटा प्रथम बंद करावा. नाहीतर मोबाईल गुपचूप मनोऱ्याकडे वळतो आणि मोजणी भलत्याच जोडणीची होते. मग पेटीपासून दोनतीन पावलांवर उभे राहून वेग मोजावा. लॅपटॉप असल्यास तो वायरीने पेटीला जोडून मोजणे अधिक चांगले. पेटीजवळ वेग पुरता मिळतो व पडवीत मिळत नाही, असे आढळले तर कंपनीच्या वायरीचा दोष नाही. पेटीजवळही मिळत नसेल तर घरातील भिंतींना दोष देण्यात अर्थ नाही. ही साधी परीक्षा न केल्यामुळे वाया गेलेला पैसा थोडाथोडका नसावा. एका बागायतदाराने ओसरीवर नेट येत नाही म्हणून दुप्पट दराची योजना घेतली. ओसरीवर पूर्वीइतकेच नेट आले. त्याची पेटी आतल्या खोलीत, मुलांचा हात लागू नये म्हणून लोखंडी कपाटात, ठेवलेली होती. ती बाहेर काढून माजघरातील फळीवर ठेवताच पहिली योजनाही पुरेशी झाली असती.

भिंती, पत्रे आणि पाणी

राऊटर बहुधा दोन प्रकारच्या लहरी सोडतो. 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे 12 सेंटिमीटर व 5 गिगाहर्ट्झच्या लहरीची सुमारे 6 सेंटिमीटर असते. पहिली भिंतीतून अधिक पार जाते, पण तिचा वेग बेताचा. दुसरी वेगवान, पण एकदोन भिंतींतच थकते. भारतात घरगुती कमी शक्तीच्या उपकरणांसाठी पहिला पट्टा 2005 मध्ये व दुसऱ्याचा बराच मोठा भाग 2018 मध्ये परवान्यातून मुक्त झाला. मोबाईलवर एकाच घराची दोन नावे दिसत असतील व एकापुढे 5 हा आकडा असेल, तर पेटीच्या खोलीत ते नाव वापरावे आणि दूरच्या खोलीत दुसरे.

शहरातील अर्ध्या विटेच्या भिंतींवरून केलेले आडाखे खेड्यातील घरांना लागू पडत नाहीत. मराठवाड्यातील जुन्या माळवदाच्या घरांत दगडमातीच्या भिंती दोनतीन फूट जाड असतात. कोकणातील जांभ्याच्या चिऱ्याची भिंतही जाड असते आणि पावसाळ्यात ती ओल धरते. पाणी या लहरी शोषून घेते. त्यामुळे उन्हाळ्यात पडवीपर्यंत येणारे नेट श्रावणात येत नाही, या तक्रारीला अनेक लोक हसतात. पण ती निराधार नाही. पत्रा, लोखंडी कोठी, कपाट, आरसा यांवरून लहरी परततात. पाण्याची टाकी त्यांना गिळते. अशा वस्तूंच्या मागे पेटी ठेवणे म्हणजे तुषार सिंचनाचा फवारा ताडपत्रीखाली लावण्यासारखे आहे.

पेटी घराच्या मध्यभागी, माणसाच्या छातीपासून डोक्यापर्यंतच्या उंचीवर, उघड्या फळीवर असावी. तिला बाहेरच्या काड्या असल्यास त्या उभ्या ठेवाव्यात. लहर काडीच्या टोकातून निघून जाते असा समज आहे, तो बरोबर नाही. ती काडीच्या सभोवार आडवी पसरते. काडीचे टोक ओसरीकडे रोखून धरल्याने ओसरीचा तोटाच होतो. जुन्या घरांत दाराच्या रेषेत पेटी ठेवण्याची युक्ती चांगली लागू पडते, कारण उघड्या दारातून लहरीला भिंतीचा अडथळा नसतो. फायबरची वायर जेथून घरात शिरते तेथेच पेटी टांगण्याकडे जोडणी देणाऱ्याचा कल असतो, कारण त्यात त्याची वायर वाचते. जोडणीच्या दिवशीच जागेचा आग्रह धरावा. नंतर पेटी हलविण्यास पुन्हा कारागिराची वाट पाहावी लागते.

दाट वस्तीत शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या पेट्या एकमेकींच्या लहरींत अडथळा आणतात. 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात 1, 6 व 11 हे तीन मार्ग एकमेकांवर चढत नाहीत. कारागिराला सांगून त्यांपैकी कमी गर्दीचा मार्ग लावून घ्यावा.

गोठ्यापर्यंत नेट न्यावयाचे असल्यास लोक रिपीटर नावाचे उपकरण आणतात व ते गोठ्यातच लावतात. जेथे लहर पोहोचतच नाही तेथे रिपीटरने पुढे पाठवावे तरी काय? तो वाटेत, जेथे लहर अद्याप चांगली आहे, अशा ठिकाणी लावावयास हवा. तरीही त्याच्यापुढे वेग बराच घटतो. यापेक्षा नेटवर्कची वायर टाकणे हितावह. अशी वायर 100 मीटरपर्यंत खात्रीने काम देते. मात्र ती उघड्यावर टिकेल अशा जातीची असावी व नळीतून न्यावी.

वीज

वीज गेली की घरात दिव्याची सोय असूनही नेट बंद पडते, कारण पेटीलाही वीज लागते. बहुतेक पेट्या 12 व्होल्टच्या अडॅप्टरवर चालतात. त्यासाठी लहान बॅटरीची पेटी मिळते. ती घेताना अडॅप्टरवर छापलेले व्होल्ट व अँपिअर पडताळून घ्यावेत. व्होल्ट जुळले नाहीत तर पेटी जळण्याचा संभव असतो. घरात दोन पेट्या असल्यास बॅटरी दोघींना पुरवावी लागते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. वळवाच्या दिवसांत ढग गडगडू लागण्यापूर्वीच अडॅप्टर फळीतून काढून ठेवावा. काचेच्या तंतूतून विजेचा लोट येत नसला तरी तो विजेच्या तारेतून येतो.

परवलीचा शब्द व तक्रार

नेट सायंकाळीच मंदावते, अशी तक्रार असलेल्या घरात परवलीचा शब्द किती जणांना ठाऊक आहे, हे आधी विचारावे. पाहुण्याला तोंडाने सांगितलेला शब्द आठवड्यात आळीभर होतो. शेजारधर्म म्हणून नेट देण्यास हरकत नाही, पण ज्या जोडणीवरून बँकेचा व्यवहार चालतो तिचा शब्द सर्वांना देणे इष्ट नव्हे. बऱ्याच पेट्यांत पाहुण्यांसाठी वेगळे नाव व शब्द ठेवण्याची सोय असते. पेटीच्या बुडाशी छापलेला मूळ शब्द बदलावा आणि पेटीची मांडणी उघडण्याचा जो वेगळा शब्द असतो, तोही बदलावा. घरमालकाने पहिला बदलला म्हणजे दुसराही बदलला, असे होत नाही.

तक्रार दूरध्वनीवरून केल्यास तक्रार क्रमांक मागून घ्यावा. दिव्यांचे छायाचित्र, पेटीजवळ मोजलेला वेग, तारीख व वेळ यांची टिपण ठेवावी. निवारण न झाल्यास कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जाण्याची तरतूद दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या 2012 च्या विनियमांत आहे. तेथे तक्रार क्रमांकावाचून काम अडते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी घरभेटीत राऊटर दिसल्यास एक काम करून द्यावे. ग्राहक क्रमांक, तक्रारीचा दूरध्वनी, योजना संपण्याची तारीख आणि पेटीत भरावयाचे ग्राहकनाव कंपनीकडून विचारून एका कागदावर लिहावे. तो कागद सातबाराच्या फायलीत ठेवावा. पेटीवर चिकटवू नये, कारण तेथे तो येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाच्या दृष्टीस पडतो. टाचणीच्या छिद्रावर मात्र चिकटपट्टीचा तुकडा लावून टाकावा.