फोडणी पडायच्या आधी

छकुले, तुमच्या लॅब्रेडॉर पिल्लाचे, बंड्याचे फोटो पाहिले. पंजे केवढाले आहेत गं त्याचे, मोठेपणी चांगला धिप्पाड होणार हा! पण एका फोटोपाशी मी थांबले. सासूबाई त्याला जवळ बसवून आमटी-भाताचा घास भरवतायत, तो फोटो. त्यांचा जीव जडलाय हे दिसतंच आहे, आणि ‘घरात कुत्रं नको’ म्हणणाऱ्या बाईंचा जीव जडला याचा मला फार आनंद झाला. तरी तुझ्याशी निवांत बोलायला हवं. आपल्या घरांत कुत्र्याला मुद्दाम वाईट कुणी काही घालत नाही. त्याच्या पोटात जे वाईट जातं, ते मायेच्या हातानं जातं.

तुला कुणी विचारलं, की बंड्याला कांदा देता का, तर तू लगेच ‘छे’ म्हणशील. आमच्या शेजारच्या काकूंनीही डॉक्टरांना तेच सांगितलं होतं. त्यांचा लहानखुरा पॉमेरेनियन रोज रात्री रश्श्यात कालवलेला भात खायचा. हळूहळू तो मलूल झाला, जिना चढेना, हिरड्या पांढुरक्या पडल्या. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि विचारलं, रश्श्याचं वाटण कशाचं करता? काकू तिथंच गप्प झाल्या. कांदा, लसूण, खोबरं, आलं. पानात कांदा दिसत नव्हता, पण रोज पोटात जात होता. तो पॉम वाचला, उपचार मात्र बरेच दिवस चालले.

कांद्या-लसणीत गंधकाची काही संयुगं असतात. आपल्याला ती पचतात, कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशींना मात्र ती इजा करतात. पेशी फुटतात आणि अंगातलं रक्त कमी होतं. शिजवून, परतून, वाळवून यातलं काही जात नाही. उलट कांद्याची किंवा लसणीची पूड जास्त दाट असते, आणि लसूण कांद्यापेक्षा कितीतरी जहाल. कुत्र्यानं एका वेळी स्वतःच्या वजनाच्या अर्धा टक्का कांदा खाल्ला तरी त्रास होऊ शकतो. बंड्या आज दहा किलोचा असेल तर हे झाले ५० ग्रॅम, म्हणजे एक लहान कांदा. रोज थोडाथोडा गेला तरी इजा साचत जाते. आणि लक्षणं लगेच दिसत नाहीत, दोन-चार दिवसांनी दिसतात. थकवा, पांढऱ्या किंवा पिवळट हिरड्या, गडद तांबूस लघवी. तोवर ‘परवा काय खाल्लं होतं’ हे कुणाच्या लक्षातही नसतं.

म्हणून माझं मुख्य सांगणं एवढंच: त्याचं जेवण आपल्या पातेल्यातून काढायचं नाही, आणि काढायचंच असेल तर फोडणी पडायच्या आधी काढायचं. भात मिठाआधी, चिकन वाटणाआधी, भोपळा फोडणीआधी. आमटीचा नुसता ‘वरचा पातळ भाग’ चालतो असं समजू नकोस, कांदा-लसणीचा अर्क त्यातच उतरतो. तुमच्याकडे रविवारी तांबडा-पांढरा असतोच, त्या दोन्हींत लसूण असते. आणि मटणाची नळी तर मुळीच नको. शिजलेलं हाड ठिसूळ होतं, चावताना त्याच्या टोकदार कपच्या निघतात आणि त्या घशात, आतड्यात रुततात. ‘कुत्र्याला हाड नाही तर काय द्यायचं’ असं दादा म्हणतील. त्यांना हे शांतपणे समजावून सांग.

आता तुझ्या घरापुरती खास गोष्ट, जी मी पुण्यातल्या कुणाला इतक्या कळकळीनं सांगितली नसती. तू तासगावात नांदतेस. घरात बेदाण्याचे बॉक्स, येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातावर मूठभर बेदाणे, दारात द्राक्षबाग. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडं बंद पाडू शकतात. हे गेल्या वीस-पंचवीस वर्षांत लक्षात आलं, पण नेमकं कशामुळे ते बरीच वर्षं कळत नव्हतं. २०२१ साली अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. झालं असं, की बेकिंगमध्ये वापरतात ती क्रीम ऑफ टार्टर घातलेला, मुलांच्या खेळण्यासाठी घरी मळलेला गोळा एका कुत्र्यानं खाल्ला आणि त्याची मूत्रपिंडं तशीच बिघडली. द्राक्षात हेच आम्ल भरपूर असतं. जातीप्रमाणे आणि पिकण्याप्रमाणे ते कमीजास्त होतं, म्हणूनच एखादं कुत्रं चार द्राक्षं खाऊन नाचत राहतं आणि दुसरं तेवढ्यानंच आजारी पडतं. तेव्हा ‘आमच्या वाड्यातलं कुत्रं बागेत पडलेली द्राक्षं खायचं, काही झालं नाही’ हे कुणी सांगितलं तर ते खरंही असेल, पण त्याचा बंड्याला उपयोग नाही. सुरक्षित माप कुणालाच सांगता येत नाही. आणि साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो हे तुला मी काय सांगू! मूठभर बेदाणे म्हणजे किती द्राक्षं झाली ते बघ.

याच आम्लाची दुसरी वस्तू तुझ्या फळीवरच्या बरणीत आहे: चिंच. २०२२ साली त्याच मंडळींनी चिंच खाऊन मूत्रपिंडं बिघडलेल्या कुत्र्यांची नोंद प्रसिद्ध केली. आपल्याकडे हे अजून फारसं कुणी बोलत नाही, म्हणून मी दोनदा सांगते. चिंच, चिंचेचा कोळ, चिंच-गुळाची आमटी, चिंचेच्या गोळ्या, यातलं काहीही नको. बेदाणे, चिंच आणि शिरा-खिरीसाठी भिजत घातलेल्या मनुका उंच फळीवर, झाकणाच्या डब्यात ठेव. लॅब्रेडॉर ओट्यावर पुढचे पाय टाकायला फार दिवस लावत नाही.

चॉकलेटचं तुला ठाऊक असेलच. त्यातलं थिओब्रोमिन कुत्र्याच्या अंगातून निम्मं बाहेर पडायलाच सतरा-अठरा तास लागतात, तोवर हृदय धडधडत राहतं, उलट्या, थरथर, क्वचित झटके. किती गडद यावर सगळं ठरतं. दहा किलोच्या पिल्लाला साध्या दुधाळ चॉकलेटची १०० ग्रॅमची वडी जेवढा त्रास देईल, तेवढा डार्क चॉकलेटचे ४० ग्रॅम देतील, आणि केकसाठी आणलेल्या कोको पावडरीचे दोन मोठे चमचेसुद्धा. चहा-कॉफीचंही तसंच, त्यातल्या कॅफिनमुळे. मामंजींच्या बशीत उरलेला चहा त्याला चाटायला देऊ नका.

मामंजींवरून आठवलं. त्यांना मधुमेह आहे ना? मग घरात शुगर-फ्री च्युइंगम, गोळ्या, बिस्किटं येत असतील. पाकिटामागे ‘झायलिटॉल’ किंवा ‘९६७’ असा आकडा आहे का बघ. कुत्र्याच्या शरीराला ही साखरच वाटते, त्याचं स्वादुपिंड भसाभस इन्सुलिन सोडतं आणि अर्ध्या-एक तासात रक्तातली साखर कोसळते. बंड्याला एक ग्रॅम पुरे. जास्त गेलं तर यकृत जातं. काही टूथपेस्टमध्ये आणि काही पीनट बटरमध्येही ते असतं. सगळ्या शुगर-फ्री वस्तूंत झायलिटॉल असतंच असं नाही, पण वाचल्याशिवाय कळायचं नाही. गोळ्यांवरून हेही सांगते: तो लंगडला, कण्हला तरी आपली पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन त्याला कधीच द्यायची नाही.

बाकी काही वस्तू विषारी नसून अडकणाऱ्या असतात. आंब्याची कोय, पावसाळ्यात दाणे खाऊन टाकलेलं कणीस, बोराच्या बिया. लॅब चावत नाही, गिळतो. कोय आतड्यात बसली की ऑपरेशनच. उन्हाळ्यात केराच्या बादलीला झाकण हवंच.

आता सासूबाईंचं. त्या तुला नामदेवांची गोष्ट सांगतील. कुत्र्यानं भाकरी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन मागे धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणून. फार गोड गोष्ट आहे, मला लहानपणापासून आवडते. भाव तोच ठेवायचा, तूप मात्र वाटीतच राहू द्यायचं. दिवाळीच्या चकल्या, करंज्या, भज्यांचा चुरा, तुपात भिजलेली पुरणपोळी, असं तेलकट-तुपकट एकदम जास्त गेलं की कुत्र्याच्या स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. पोट दुखून ते वाकतं, उलट्या थांबत नाहीत. आणि दूध-पोळी! आपल्या लहानपणी वाड्यातली सगळी कुत्री दूध-पोळीवर वाढली, हे खरं. पण दूध सोडल्यानंतर बऱ्याच कुत्र्यांना दुधातली साखर पचत नाही, जुलाब होतात. आणि वाढत्या पिल्लाला नुसत्या दूध-पोळीतून पुरेशी प्रथिनं मिळत नाहीत. ‘गावातली कुत्री भाकरी खाऊनच जगतात’ असं कुणी म्हणालं तर तेही अर्धं खरं आहे. स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१३ साली दाखवलं, की माणसाजवळ राहून कुत्र्याला लांडग्यापेक्षा पिष्ट पदार्थ पचवायची ताकद कितीतरी जास्त आली. भाकरी त्याला पचते. पण गावातलं कुत्रं किती वर्षं जगतं, कशानं मरतं, हे कोण बघायला जातं?

मग द्यायचं काय? पहिलं वर्षभर पिल्लांसाठीचं, तेही मोठ्या जातीच्या पिल्लांचं तयार खाद्य मुख्य ठेव. नुसत्या चिकन-भातात कॅल्शियम फार कमी असतं, वाढत्या हाडांना ते पुरत नाही. आणि तयार खाद्य चालू असताना वरून कॅल्शियमची पावडरही घालू नकोस, मोठ्या जातीच्या पिल्लांना जास्तीचं कॅल्शियमसुद्धा बाधतं. खाद्य बदलायचं असेल तर आठवडाभरात जुन्यात नवं मिसळत मिसळत बदल. तीन महिन्यांच्या पिल्लाला दिवसातून तीन-चार वेळा थोडंथोडं, वर्षाचा झाला की दोन वेळा. जोडीला घरचं काहीतरी हवंच असेल, आणि ते हवंच, नाहीतर सासूबाईंना करमायचं नाही, तर उकडलेलं अंडं, बिनमिठाचं उकडलेलं चिकन, लाल भोपळा, गाजर, फरसबी, रताळं, चमचाभर ताजं दही, बिया काढलेलं सफरचंद किंवा कलिंगड. हे सगळं मिळून दिवसाच्या खाण्याच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त नको.

खरी अडचण या दहाव्या हिश्श्याचीच होते. मामंजी सकाळी एक बिस्कीट देतात, तुझा लेक शाळेतून आल्यावर एक, दादा रात्री पोळीचा तुकडा, आणि प्रत्येकाला वाटतं आपण एकच दिलं. त्यावर आमच्याकडे एक उपाय लागू पडला. सकाळीच दिवसभराचं खाद्य मोजून एका डब्यात काढायचं. ज्याला लाड करायचे त्यानं त्या डब्यातलंच द्यायचं. डबा रिकामा झाला की त्या दिवसाचे लाड संपले. आणि हा डबा सासूबाईंच्या ताब्यात दे. तू त्यांना ‘आई, हे देऊ नका, ते देऊ नका’ म्हणत राहिलीस तर त्यांना वाटेल माझ्या हाताला नावं ठेवते. डब्याची जबाबदारी त्यांची झाली, की बाकी सगळ्यांना त्याच अडवतील, आणि तुझ्यापेक्षा त्यांचं जास्त ऐकलं जाईल.

‘तो किती भुकेला बघतोय’ याला कुणी भुलू नका. केंब्रिजच्या संशोधकांना २०१६ साली आढळलं, की दर चार लॅब्रेडॉरमागे साधारण एकात असा जनुकीय बदल असतो, ज्यानं पोट भरल्याची जाणीवच कमी होते. त्याचे डोळे खोटं बोलत नसतील, त्याला खरंच भूक लागलेली वाटत असेल, तरीही माप तेच ठेवायचं. २००२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४८ लॅब्रेडॉर जन्मभर सांभाळले होते. त्यांतल्या अर्ध्यांना बाकीच्या अर्ध्यांपेक्षा पाव हिस्सा कमी खाऊ घातलं. ते जवळजवळ दोन वर्षं जास्त जगले, आणि त्यांचे सांधेही उशिरा दुखू लागले. दोन वर्षं, छकुले! बंड्याबरोबरची जास्तीची दोन वर्षं तुझ्या लेकाला मिळणार असतील तर तो वाडगा थोडा रिकामा दिसला म्हणून काय बिघडलं?

एवढं करूनही एखाद्या दिवशी तो बेदाण्याचा डबा उलथवेलच. तेव्हा ‘बघू सकाळपर्यंत’ असं करू नकोस. त्याला काही झालेलं दिसत नसलं तरी लगेच डॉक्टरांना फोन कर. काय खाल्लं, अंदाजे किती, किती वाजता आणि बंड्याचं वजन किती, हे चार प्रश्न ते विचारतीलच. पहिल्या तास-दोन तासांत डॉक्टर औषधानं उलटी करवू शकतात. उशीर झाला की ती वाट बंद होते. घरी मीठ-पाणी पाजून उलटी करवायची नाही, मिठाचीच विषबाधा होते. तेल, तूप, हळदीचं दूध काही नको. वेष्टन किंवा उरलेला पदार्थ बरोबर घेऊन जा. तासगावातला सरकारी दवाखाना मुख्यतः गाई-म्हशींसाठी राबतो, म्हणून सांगली-मिरजेत कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर कोण, रात्री फोन कोण उचलतो, हे याच आठवड्यात दादांना चौकशी करून ठेवायला सांग आणि नंबर फ्रिजवर चिकटव.

पुढच्या लसीला नेशील तेव्हा त्याचं वजन करून घे आणि खाद्याचं माप डॉक्टरांकडूनच लिहून आण. बऱ्याच पाकिटांवरचा तक्ता पिल्लाच्या मोठेपणीच्या वजनावर असतो, आत्ताच्या नाही, आणि लोक तिथंच घोटाळा करतात.