दुसऱ्यांदा वाचताना

चि. मनू,


तुझं पत्र आणि कथांचं बाड, दोन्ही मिळालं. वर्षाला शंभर पुस्तकं वाचायची असं तू ठरवलंस आणि श्रावणातच साठावर पोचलीस, याचं दादाला फार कौतुक आहे. फोनवर तो त्याविषयीच बोलत होता. मी तुझी यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. एकही पुस्तक तिच्यात दोनदा आलेलं नाही. मला जे सांगायचंय ते यावरूनच, तुझ्या कथांबद्दलचंही.

माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ तुझ्या यादीत आहे. छोटी कादंबरी आहे, दोन बैठकीत होते. पण त्यातला शेकूचा प्रसंग आठवून बघ. बैल एकच, शेताचं काम तर थांबत नाही, म्हणून दुसऱ्या बैलाच्या जागी त्याची बायको जू खांद्यावर घेते. पहिल्यांदा वाचताना आपण हळहळतो आणि पुढे जातो, कारण वाडीचं काय होणार याची ओढ असते. दुसऱ्यांदा ती ओढ नसते, कारण दुष्काळात वाडी ओस पडणार हे आपल्याला आधीच ठाऊक असतं. तेव्हा कुठे लक्षात येतं की माडगूळकर त्या बाईचं गुणगान करत बसलेले नाहीत, की गरिबीवर व्याख्यानही देत नाहीत. दिसलं ते सांगितलं आणि पुढच्या गोष्टीकडे वळले. म्हणून तर ती बाई इतक्या वर्षांनंतरही माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

आता तुझी तिसरी कथा काढ. आई पाटल्या घेऊन सराफाकडे जाते. सराफ पाटली कसाला लावतो, काट्यावर ठेवतो, आकडा कागदावर लिहून कागद तिच्याकडे सरकवतो, आणि ती बोटावर बोट चोळत त्या आकड्याकडे बघत राहते. मनू, हे फार चांगलं उतरलंय. माझ्या घशात आवंढा आला. आणि लगेच खाली तू आईच्या त्यागावर अर्धं पान लिहिलंस. ते अर्धं पान काढून टाक. वाचकाला जे आधीच कळलंय ते तू त्याला पुन्हा समजावतेयस, आणि त्यानं तुझ्याच आईचं दुःख हलकं होतं. हे कुठे थांबायचं ते कुठल्याही लेखन कार्यशाळेत शिकवून येईल असं मला वाटत नाही. चांगल्या लेखकाकडे परत परत गेल्यानं ते कळतं.

दुसरं, मोठ्यानं वाच. ‘स्मृतिचित्रे’ची चार-पाच पानं रोज वाचून तर बघ. लक्ष्मीबाई टिळकांना अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, टिळकांनी शिकवली म्हणून. शाळेचं तोंडही न पाहिलेल्या या बाईंच्या आठवणींचे चार भाग 1934 पासून पुढे आले आणि मराठी गद्यात आजही त्यांच्या तोडीचं फार थोडं आहे. वडिलांच्या कडक सोवळ्यापायी घरादाराचे हाल होतात ते सांगतानासुद्धा त्यांच्या बोलण्यात विष नाही. ती वाक्यं डोळ्यांनी वाचून पुरी पडत नाहीत. त्यांचा श्वास कुठे तुटतो, विशेषण न लावताच हसू कुठून येतं, हे जिभेवर आल्याशिवाय उमगत नाही. तुझ्या कथांमधली माणसं एकमेकांशी वर्तमानपत्राच्या भाषेत बोलतात. ‘मला याबाबत चिंता वाटते’ असं आपल्या घरात कोण म्हणतं? आजी म्हणायची, ‘जिवाला घोर लागलाय.’

आवडलेलं पान हातानं उतरवून काढायची सवयही लावून घे. पूर्वी पुस्तक हवं असेल तर उतरवूनच घ्यावं लागे. समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेला दिलाय. अक्षर कसं असावं, ओळींत अंतर किती, पानाच्या कडेला जागा किती सोडायची, कागद, शाई, लेखणी, सगळं आहे त्यात. परमार्थाच्या ग्रंथात हे कशाला, असं तुला वाटेल. मला तर त्यात ग्रंथाबद्दलचा खरा आदर दिसतो. उतरवताना हात सावकाश चालतो आणि लेखकानं हाच शब्द का घेतला असेल, याचा विचार करायला मनाला सवड मिळते.

आता पुस्तकाचं. प्रकाशकानं तुझ्याकडे पैसे मागितलेत आणि दिवाळीपर्यंत संग्रह काढून देतो म्हणतोय. देऊ नकोस. हा व्यवहार लबाडीचाच आहे असं मी म्हणत नाही, पण त्यात संपादक कुठेच नाही, आणि तुला गरज आहे ती संपादकाची. ‘सत्यकथा’त श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन आलेल्या कथेवर लेखकाशी पत्रव्यवहार करत, दुरुस्त्या सुचवत, पुन्हा लिहायला लावत. नावाजलेल्यांनाही त्यातून सुटका नव्हती. त्या मासिकाच्या अभिरुचीत न बसणारं बरंच काही बाहेर राहिलं हेही तितकंच खरं, आणि त्यावर तरुणांनी लघुनियतकालिकं काढून भांडण मांडलं ते योग्यच केलं. औरंगाबादहून गंगाधर पानतावण्यांचं ‘अस्मितादर्श’ निघालं नसतं, तर कितीतरी दलित लेखकांना हक्काचं पान मिळालं नसतं. पण या सगळ्या ठिकाणी लिहिणाऱ्याच्या समोर कुणीतरी बसलेलं होतं, जीव लावून वाचणारं. ‘सत्यकथा’ 1982 ला बंद झालं. तसा माणूस आता आपला आपण शोधावा लागतो, म्हणून एवढं लिहितेय.

संग्रहाची घाई सोड, एकेक कथा दिवाळी अंकांकडे पाठव. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 1909 साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठीत नवा लेखक या दारानं आत येत आलाय. साभार परत आली तर रुसू नकोस. महिनाभर बाजूला ठेव, मग परक्याची म्हणून वाच आणि दुसरीकडे पाठव.

आणि तिथल्या सार्वजनिक वाचनालयाची वर्गणी भर. फोनवरच्या वाचनाला माझी ना नाही, पण वाचनालयात तू न मागितलेली पुस्तकं हाताला लागतात. मला विश्राम बेडेकरांचं ‘रणांगण’ असंच मिळालं, दुसरंच काही शोधताना, पाठपुठ्ठा सुटलेलं. देवघेवीच्या टेबलावर बसणाऱ्या माणसाशी ओळख वाढव. कुठली पुस्तकं धूळ खात पडलीत हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. आपण वाचणारेच तिथे गेलो नाही तर ती कपाटं कुणासाठी उघडी ठेवायची?

साठावर थांबलीस तरी चालेल. उरलेल्या वर्षात यादीतली पाच पुस्तकं निवड आणि त्यांच्याकडेच परत जा. कुठली निवडलीस ते मला कळव, मीही तीच काढून बसते. पाटल्यांची कथा नव्यानं लिहून आधी माझ्याकडे पाठव, फोनवर नको, कागदावर. ओळींत अंतर ठेव आणि कडेला भरपूर जागा सोड, मला पेन्सिलीनं लिहायचंय.

वहिनीला नमस्कार सांग.

तुझी
आत्या